वळणापलीकडचं दिसावं म्हणून

जव्हार-मोखाड्याच्या रस्त्यांवर प्रवासी जीप चालवण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. आता गाड्यांत कॅमेरे नि रडार आलेत, धोका दिसला की गाडी आपणहून ब्रेक लावते. हे ज्ञान आमच्या घाटांपर्यंत पोचावं अशी माझी मनापासून इच्छा आहे. ते कसं पोचेल, याबद्दल स्टिअरिंगवर बसून जे उमगलं ते सांगतो.

१. यंत्राला आधी आमचा रस्ता दाखवा.
एका पाहुण्यांची नवी गाडी मी खोडाळ्याहून सूर्यमाळला नेली होती. लेन सुटली की ती चालकाला सावध करायची. पण घाटात पांढरा पट्टा पुसलेला आणि साइडपट्टी पावसाने खचलेली, त्यामुळे तिचा इशारा वाजेचना. यंत्राला जे शिकवलं तेच ते ओळखणार. हैदराबादच्या ट्रिपल आयटीने इंटेलच्या साथीने भारतीय रस्त्यांची सुमारे १०,००० छायाचित्रं जमवून सगळ्या संशोधकांना खुली केली. रिक्षा, जनावरं, रस्त्यालगतची गाडी उतरवता येईल अशी कच्ची जमीन, हे सगळं त्यांत वेगवेगळं दाखवलं आहे. मोठं काम आहे ते. पण त्यातले रस्ते हैदराबाद, बंगळुरू आणि त्यांच्या आसपासचे. डोक्यावर मोळी घेऊन कडेने चालणाऱ्या बाया, श्रावणातल्या धुक्यात अचानक समोर येणारी गुरं, दिवा नसलेली मोटरसायकल, हेही यंत्राच्या ओळखीचं व्हायला हवं.

२. टळलेला अपघातही लिहून ठेवा.
माणूस गेला की पंचनामा होतो. थोडक्यात वाचला तर चालक देवबांधच्या गणपतीला हात जोडतो आणि पुढे जातो. नागपुरात २०२१ साली ‘आयरास्ते’ नावाचा प्रकल्प सुरू झाला. महानगरपालिका, दिल्लीची केंद्रीय रस्ते संशोधन संस्था, हैदराबादची ट्रिपल आयटी, इंटेल आणि महिंद्रा अशी निरनिराळ्या घरची माणसं त्यात एकत्र आली. शहर बसच्या काचेला बसवलेला कॅमेरा टक्कर होण्याआधी चालकाला सावध करतो, आणि इशारा कुठे वाजला त्याची नोंदही ठेवतो. एकाच जागी इशारे पुन्हा पुन्हा वाजू लागले, तर तिथे अजून कुणी मेलेलं नसलं तरी उद्या मरू शकतं हे कळतं. अशा जागांना ते ग्रे स्पॉट म्हणतात. तिथला कठडा, फलक, वळण वेळेवर दुरुस्त करता येतं. मला या सगळ्यात हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. कॅमेऱ्याने चालक वाचतो, नोंदीमुळे त्याच्यामागून येणारेही वाचतात.

तोरंगण घाटात अशा जागा कुठे आहेत ते एसटीच्या चालकांना, काळीपिवळीवाल्यांना आणि पाड्यावरच्या पोरांना तोंडपाठ आहे. पण ते कुठल्याच नकाशात नाही. सरकारची अपघातांची नोंद २०२१ पासून ई-डारसारख्या प्रणालीत मोबाइलवर भरली जाऊ लागली, पण ती अपघात झाल्यानंतरची. एसटीच्या घाटातल्या काही गाड्यांना नागपूरसारखे कॅमेरे बसवावेत आणि चालकांना समोर बसवून त्यांच्याकडून नकाशा भरून घ्यावा. दोन्ही एकत्र आलं तर बांधकाम खात्याला कुठून सुरुवात करायची ते कळेल.

३. गाड्यांनी एकमेकींशी बोलावं.
आम्ही वळणावर हॉर्न देतो, रात्री डिपर मारतो आणि चढाच्या गाडीला आधी वाट देतो. चढणाऱ्याचा मान कायद्यानेही मानला आहे. गाडीने गाडीला रेडिओलहरींवरून आपली जागा आणि वेग कळवण्याचं तंत्र म्हणजे याच रीतीचा पुढचा टप्पा. त्याला मोबाइलचा टॉवर लागत नाही, हे आमच्या दऱ्यांसाठी फार मोठं. मात्र डोंगर आड आला की लहर अडते, म्हणून आंधळ्या वळणावर खांब रोवून निरोप पुढे देणारं यंत्र लावावं लागेल. आणि सगळ्या कंपन्यांच्या गाड्यांची भाषा एक असायला हवी. एका कंपनीची गाडी दुसरीचं ऐकणार नसेल, तर वळणावर दोघी आंधळ्याच.

४. ज्ञान कुलपात ठेवू नये.
तीन जागी धरणारा सीटबेल्ट व्होल्वोच्या निल्स बोहलिन यांनी १९५९ साली आणला. कंपनीने त्याचं पेटंट इतरांना वापरायला मोकळं ठेवलं, म्हणून तो आज प्रत्येक मोटारीत आहे. पण मोकळं झालेलं ज्ञान वापरलं तरच कामाचं. आमच्याच पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर ४ सप्टेंबर २०२२ रोजी टाटा समूहाचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री मोटार अपघातात गेले. ते आणि त्यांच्या शेजारी मागे बसलेले, दोघांनीही पट्टा लावलेला नव्हता. गाडी महागडी होती.

५. जुन्या गाडीचं काय, हे आधी विचारा.
भातकापणी झाली की इथली कुटुंबं वीटभट्टीवर निघतात, पिकअपच्या मागे भांडीकुंडी, पोरंबाळं, सगळी दाटीने. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. त्यातली जवळपास ४५ टक्के दुचाकीवरची होती. कॅमेरा-रडारच्या नव्या मोटारी या माणसांच्या दारी कधी येणार? म्हणून जुन्या गाडीला बाहेरून बसवता येणारं स्वस्त यंत्र आधी हवं, आणि मजुरांसाठी हंगामात जादा एसटी हवी.

६. उतारावर गिअरच राखतो.
यंत्र आलं तरी ज्या गिअरमध्ये घाट चढलात, त्याच गिअरमध्ये उतरा. डिझेल वाचवायला न्यूट्रल करू नका. सारखा दाबलेला ब्रेक तापला की पकड सोडतो. नव्या गाडीतल्या पोरांना मी हे आजही सांगतो, आणि ती ऐकतात.

७. अपघात दिसला की थांबा.
जखमीला नेणाऱ्याला पोलीस त्रास देऊ शकत नाहीत. २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात तसं कलमच घातलं आहे, १३४-अ. प्रवासी गाडीतलं धोक्याचं बटण नेटवर्क नसलेल्या दरीत दाबून कुणाला कळणार नाही. जखमीला चादरीत घ्या, एकाला उंचावर पाठवून १०८ लावायला सांगा.