उभी विद्युत मोटार आणि तिची उतरणारी बॅटरी

महाराष्ट्र शासनाने सन २०२१ मध्ये विद्युत वाहन धोरण जाहीर केले. विजेवर चालणाऱ्या वाहनांची संख्या राज्यात वाढत असून शासकीय कार्यालयांच्या आवारातही ती दिसतात. धूर नाही, आवाज नाही आणि इंधनाचा खर्चही कमी, यामुळे या वाहनांचे सर्वत्र स्वागत होत आहे. परंतु नवे साधन हाती आले म्हणजे ते कसे चालवावे याबरोबरच ते उभे कसे ठेवावे, हेही समजून घेणे आवश्यक ठरते.

कार्यालयीन वाहन वर्षाचे सर्व दिवस धावतेच असे नाही. अधिकाऱ्याची बदली, दीर्घ रजा, वाहनचालकाचे रिक्त पद किंवा दुरुस्तीच्या मंजुरीची प्रतीक्षा अशा कारणांनी ते तीन-चार आठवडे जागचे हलत नाही. पुढे पूर, साथ किंवा अपघात असा प्रसंग उद्भवतो, वाहन तातडीने हवे असते, आणि त्याचे दारदेखील उघडत नाही असे आढळते. असे का घडते व ते कसे टाळता येईल, याचा विचार येथे करावयाचा आहे.

एका मोटारीत दोन बॅटऱ्या

विद्युत मोटारीत एकच मोठी बॅटरी असते, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः बहुतेक मोटारींत दोन बॅटऱ्या असतात. पहिली चाकांना गती देणारी, उच्च दाबाची लिथियम-आयन बॅटरी. या प्रकारच्या बॅटरीचे व्यापारी उत्पादन सन १९९१ मध्ये सुरू झाले आणि तिच्या विकासाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो या तीन शास्त्रज्ञांना सन २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. दुसरी १२ व्होल्टची लहान बॅटरी. पुष्कळ मोटारींत ती शिसे व आम्ल यांचीच असते. तिचे मूळ फ्रेंच शास्त्रज्ञ गॅस्टन प्लांते यांनी सन १८५९ मध्ये केलेल्या शोधात आहे.

दिवे, दारांची कुलपे, धोक्याची घंटा आणि मोटारीतील संगणक ही सर्व यंत्रणा लहान बॅटरीवर चालते. मोटार बंद केली की सुरक्षिततेसाठी मोठ्या बॅटरीचा संबंध एका स्विचद्वारे तोडला जातो. तो पुन्हा जोडण्यास लागणारी वीज लहान बॅटरीच पुरविते. म्हणून मोठ्या बॅटरीत ऐंशी टक्के साठा शिल्लक असला तरी लहान बॅटरी उतरल्यास मोटार जागची हलत नाही. इतकेच नव्हे, तर अनेक मोटारी अशा स्थितीत चार्जही होत नाहीत, कारण चार्जिंगचे नियंत्रण करणारा संगणकच जागा होत नाही. कोठार भरलेले आहे पण किल्ली हरवली आहे, असा हा प्रकार होय.

साध्या गुणाकाराचा हिशेब

बंद मोटारही पूर्णपणे निद्रिस्त नसते. किल्लीचा संदेश ऐकणारे यंत्र, चोरीचा इशारा देणारी यंत्रणा आणि मोबाईलशी संपर्क ठेवणारे साधन अहोरात्र थोडी थोडी वीज घेत असतात.

समजा, ही सर्व साधने मिळून ५० मिलिॲम्पिअर प्रवाह घेतात. चोवीस तासांत हा खर्च १.२ ॲम्पिअर-तास होईल. लहान बॅटरीची क्षमता ४५ ॲम्पिअर-तास धरल्यास सुमारे एकोणीस दिवसांत तिचा निम्मा साठा संपेल. बॅटरी जुनी होऊन तिची क्षमता निम्म्यावर आली असेल, तर हीच अवस्था नऊ-दहा दिवसांतच येईल. शिसे-आम्ल बॅटरी उतरलेल्या स्थितीत पडून राहिली, तर तिच्या पट्ट्यांवर सल्फेटचे कठीण थर जमतात आणि नंतर चार्ज करूनही तिची मूळची क्षमता परत येत नाही. विज्ञान शिक्षकांनी वर्गात विद्युतप्रवाहाचे प्रकरण शिकविताना हे उदाहरण अवश्य घ्यावे.

काही नव्या मोटारींत मोटार उभी असतानाही मोठी बॅटरी ठराविक काळाने लहान बॅटरीस वीज पुरविते. आपल्या मोटारीत ही सोय आहे किंवा नाही, हे उत्पादकाच्या माहितीपुस्तिकेवरून पाहून घ्यावे.

मोठ्या बॅटरीचे काय होते?

लिथियम-आयन बॅटरी स्वतःहून फार हळू उतरते. हे प्रमाण सामान्यतः महिन्याला दोन-तीन टक्क्यांच्या आसपास असते. खरा खर्च होतो तो मोटारीतील सोयींमुळे. काही मोटारींत उभ्या गाडीभोवती कॅमेऱ्यांनी पहारा ठेवण्याची व्यवस्था असते. ती २५० वॅट शक्ती घेत असेल, तर दिवसाला ६ युनिटे वीज खर्च होते. म्हणजे ३० युनिटांची बॅटरी पाच दिवसांत रिकामी होईल. मोबाईलवरून मोटारीची स्थिती वारंवार पाहण्याची सवयही अशीच घातक आहे. प्रत्येक वेळी मोटारीचे संगणक जागे होतात व वीज खर्ची पडते.

ही बॅटरी पूर्ण भरून ठेवणे हितावह, असे अनेकांना वाटते. दीर्घ मुक्कामाच्या बाबतीत ते बरोबर नाही. पूर्ण भरलेल्या अवस्थेत लिथियम बॅटरी लवकर जीर्ण होते. उलट ती अगदी रिकामी होऊन पडून राहिली, तर आतील तांब्याचा पत्रा विरघळू लागतो व कायमचे नुकसान होते. म्हणून निम्म्याच्या आसपास साठा ठेवणे हा मध्यम मार्ग उत्तम होय.

यात उष्णतेची भर पडते. तापमान दहा अंशांनी वाढले की शिसे-आम्ल बॅटरीचे आपोआप उतरणे ढोबळमानाने दुप्पट होते. लिथियम बॅटरीचे आयुष्यही उन्हाने घटते. विदर्भात नागपूर, चंद्रपूर, अकोला येथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. तेथे उघड्या आवारात वाहन उभे ठेवणे म्हणजे दोन्ही बॅटऱ्यांचे आयुष्य कमी करणे होय.

घ्यावयाची दक्षता

वाहन दोन आठवड्यांहून अधिक काळ उभे राहणार असेल, तर पुढील गोष्टी कराव्यात.

१. मोठ्या बॅटरीत ४० ते ६० टक्के साठा ठेवावा व वाहन सावलीत उभे करावे.

२. कॅमेऱ्यांचा पहारा आणि इतर अनावश्यक सोयी बंद कराव्यात. किल्ली वाहनापासून दूर ठेवावी.

३. आठवड्यातून एकदा वाहन चालण्यास सज्ज होईल अशा रीतीने सुरू करून अर्धा तास ठेवावे, शक्य तर थोडे फिरवावे. त्या वेळी मोठी बॅटरी लहान बॅटरीस चार्ज करते. केवळ दिवे किंवा रेडिओ लावल्याने हे साधेलच असे नाही.

४. लहान बॅटरीचा दाब मोजावा. शिसे-आम्ल बॅटरी पूर्ण भरलेली असता तो १२.६ व्होल्टच्या आसपास असतो. १२.२ व्होल्ट म्हणजे साठा जवळजवळ निम्म्यावर आला, असे समजावे.

५. चार्जर सतत जोडून ठेवावा किंवा कसे, तसेच लहान बॅटरीची तार सोडवावी किंवा कसे, याबाबत उत्पादकांच्या सूचना भिन्न असतात. त्या पाहूनच निर्णय घ्यावा. नारिंगी रंगाच्या तारांना मात्र कदापि हात लावू नये. त्या उच्च दाबाच्या असतात.

ग्रामपंचायतींसाठी

बॅटरीवर चालणाऱ्या कचरागाड्या वापरणाऱ्या ग्रामपंचायतींनी याकडे विशेष लक्ष द्यावे. अशा काही गाड्यांची मुख्य बॅटरीच शिसे-आम्ल प्रकारची असते. चालक नाही किंवा किरकोळ दुरुस्ती राहिली म्हणून गाडी उतरलेल्या स्थितीत दोन-तीन महिने उभी राहिली, तर सबंध बॅटरीसंच बदलण्याची पाळी येते. गाडी बंद ठेवावी लागली तरी हा संच पूर्ण भरून ठेवावा आणि दर महिन्यास पुन्हा चार्ज करावा. येथे निम्म्या साठ्याचा नियम लागू नाही. तो केवळ लिथियम बॅटरीसाठी आहे, हा फरक ध्यानात ठेवावा.

या कामी वेगळा निधी लागत नाही. वाहनाच्या लॉगबुकात एक स्तंभ वाढवावा. त्यात दर सोमवारी मोठ्या बॅटरीतील साठा, लहान बॅटरीचा दाब आणि वाहन सुरू केल्याची नोंद घ्यावी. चालक रजेवर असल्यास ही जबाबदारी कोणाची, हे लेखी ठरवून द्यावे. जनतेच्या पैशातून घेतलेले वाहन ऐन गरजेच्या वेळी उपयोगी पडावे, यासाठी आठवड्यातील एवढा अर्धा तास पुरेसा आहे.