उपमा गेला अमेरिकेला

सकाळी सातच्या सुमारास बेलपाडा मेट्रो स्थानकाच्या जिन्याखाली एक स्कूटर उभी असते. तिच्या मागच्या बाजूला स्टीलचे तीन मोठे डबे बांधलेले असतात. एकात पोहे, दुसऱ्यात इडली आणि तिसऱ्यात उपमा. झाकण उघडले, की वाफेबरोबर कढीपत्त्याचा वास दरवळतो आणि घाईत निघालेली माणसेही क्षणभर थांबतात. कोणाला तळोज्याच्या कारखान्यात पोहोचायचे असते, कोणाला बेलापूरच्या कचेरीत. कागदी बशी, वर चिमूटभर शेव, की पाच मिनिटांत नाश्ता आटोपतो.

या उपम्याला कोणी फारसा मान देत नाही. लग्नात बिर्याणीची देग चढते, ईदला शीरखुर्मा होतो. उपमा मात्र घाईच्या सकाळी, आजारी माणसासाठी, नाहीतर घरात दुसरे काही नसले म्हणजे होतो. याच उपम्याच्या जोरावर एका मुंबईकराने अमेरिकेतील मोठी पाककला स्पर्धा जिंकली, असे मी सांगितले तर तुम्ही हसाल. माझ्या नववीच्या वर्गातील मुलेही हसली होती.

पुढे जाण्यापूर्वी एक घोटाळा मिटवू. व्याकरणात तुम्ही 'उपमा' हा अलंकार शिकता. उर्दूत आपण ज्याला तशबीह म्हणतो, तोच हा. व्याकरणातील उपमा ही 'ती उपमा' आणि ताटातील उपमा हा 'तो उपमा'. 'आईने सुंदर उपमा केली' असे परीक्षेत लिहाल, तर आई एकदम कवयित्री होईल! काही मराठी घरांत या पदार्थाला उपीट किंवा तिखट सांजा असेही म्हणतात. तो ज्यापासून करतात तो रवा म्हणजे आपली सूजी.

आता त्या स्पर्धेकडे वळू. दूरचित्रवाणीवरील पाककलेच्या स्पर्धा तुम्ही पाहिल्या असतील. आपल्याकडे २०१० साली 'मास्टरशेफ इंडिया' सुरू झाली. तिच्या पहिल्या पर्वात लखनौच्या पंकज भदौरिया विजयी झाल्या. त्या शाळेत शिक्षिका होत्या. (शिक्षकांच्या हातांना फक्त खडूच शोभतो, असे समजणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.) ती स्पर्धा घरी स्वयंपाक करणाऱ्यांची होती. अमेरिकेतील 'टॉप शेफ मास्टर्स' ही स्पर्धा मात्र निराळी. तिच्यात उतरणारे सगळे जण आधीच नावाजलेले शेफ, म्हणजे मोठ्या उपाहारगृहांचे प्रमुख आचारी होते. जिंकल्यावर मिळणारे एक लाख डॉलर त्यांना स्वतःसाठी ठेवता येत नसत. ते त्यांनी निवडलेल्या एखाद्या सेवाभावी संस्थेला जात.

मग अशा लोकांना स्पर्धेत उतरून मिळवायचे तरी काय होते? प्रश्न बरोबर आहे. मिळवण्यापेक्षा गमावण्यासारखेच जास्त होते. घरी स्वयंपाक करणारा हरला, तर चार दिवस वाईट वाटते आणि तो आपल्या कामाला लागतो. पण नावाजलेला शेफ हरला, तर ते त्याचे गिऱ्हाईक बघते. त्याच्या हाताखाली भाजी चिरणारा मुलगाही बघतो. दुसऱ्या दिवशी त्याच मुलाला त्याला सांगायचे असते, 'अरे, मीठ जास्त झाले आहे.'

या स्पर्धेचे तिसरे पर्व एप्रिल ते जून २०११ या काळात दाखवले गेले. त्यात बारा शेफ होते. दर वेळी त्यांना नवे काम दिले जाई. वेळ मोजका असे. परीक्षक चव घेत, प्रश्न विचारत आणि ज्याचे काम उणे ठरे त्याला निरोप मिळे. असे करता करता शेवटी तिघे उरले. मेरी सू मिलिकन, ट्रेसी दे जार्डिन आणि आपले फ्लॉइड कार्डोझ.

'आपले' असे मी मुद्दाम म्हणतो. फ्लॉइड कार्डोझ यांचा जन्म १९६० साली मुंबईत झाला. त्यांचे घराणे मूळचे गोव्याचे. वांद्र्यात ते वाढले. अमेरिकेत जाऊन त्यांनी मोठमोठ्या स्वयंपाकघरांत काम केले. १९९८ साली न्यूयॉर्कमध्ये 'तबला' नावाचे उपाहारगृह सुरू झाले, त्याचे ते प्रमुख होते. तेथे ते भारतीय मसाले आणि पाश्चात्त्य पद्धती एकत्र आणत. ते खूप गाजले. पण २०१० च्या अखेरीस 'तबला' बंद झाले. स्पर्धेचे हे पर्व पडद्यावर आले तेव्हा, ज्या उपाहारगृहाने त्यांना बारा वर्षे नाव दिले, त्याचे दार बंद झालेले होते.

अंतिम फेरीत पहिल्या पदार्थासाठी शेफनी स्वतःच्या आठवणीतील चव ताटात आणायची होती. समोर बसलेले परीक्षक अमेरिकेतील नामवंत खाद्यसमीक्षक. अशा वेळी कोणीही आपल्या पोतडीतील सर्वांत भारी वस्तू काढील. कार्डोझ यांनी रवा काढला.

त्यांनी उपमा केला. त्यात रानटी अळंबी म्हणजे मशरूम वापरले, जोडीला कोकम आणि नारळाचे दूध घेतले. आपल्या रायगड जिल्ह्यात कोकम आणि नारळाचे दूध एकत्र आले, की सोलकढी होते. ती चव कोकणच्या माणसाला सांगावी लागत नाही. अमेरिकन माणसाला मात्र कोकम म्हणजे काय, उपमा म्हणजे काय, काहीच ठाऊक नसते. म्हणून कार्डोझ यांनी पदार्थाचे नाव सांगताना एक युक्ती केली. ते त्याला 'उपमा पोलेंटा' म्हणाले. पोलेंटा हा इटलीतील पदार्थ. मक्याचे भरड पीठ पाण्यात शिजवून तो करतात. अमेरिकेतील खवय्यांना तो चांगला परिचयाचा आहे. एका अनोळखी शब्दाचा हात त्यांनी एका ओळखीच्या शब्दाच्या हातात दिला.

मला ही गोष्ट वाचताना तुमच्या वह्या आठवल्या. उर्दूत आपण म्हणतो, 'पेट में चूहे दौड़ रहे हैं.' एका मुलाने त्याचा तर्जुमा केला होता, 'माझ्या पोटात उंदीर धावत आहेत.' मराठी माणूस हे वाचून त्याला दवाखान्यात नेईल! मराठीत भूक लागली, की पोटात कावळे ओरडतात. भूक तीच, प्राणी बदलला. कार्डोझ यांनी नेमके हेच केले. त्यांनी रव्याच्या जागी मका घातला नाही, कोकमाच्या जागी लिंबू पिळले नाही. भूक तीच ठेवली, फक्त समोरच्याला कळेल असा प्राणी शोधला.

'पण सर, उपमा तर कोणीही करतो. त्यात काय एवढे?' वर्गात हा प्रश्न आलाच.

करून पाहा, म्हणजे कळेल. रवा मंद आचेवर खमंग भाजावा लागतो. भाजल्याने तो कोरडा आणि मोकळा होतो, मग पाण्यात पडल्यावर त्याचा लगदा होत नाही. घाई केली, तर खालचा रवा करपतो आणि वरचा कच्चा राहतो. नंतर तेलात मोहरी तडतडली, उडदाची डाळ तांबूस झाली, कढीपत्ता, मिरची, कांदा पडला, की पाणी घालायचे. साधारण एक वाटी रव्याला अडीच वाट्या पाणी. पाण्याला खळखळून उकळी आली पाहिजे. अशा उकळत्या पाण्याला मराठीत आधण म्हणतात. एका हाताने रवा सोडायचा आणि दुसऱ्या हाताने ढवळत राहायचे. सगळा रवा एकदम ओतलात, तर बाहेरचे दाणे पाणी पिऊन फुगतात आणि आतल्या कोरड्या रव्याला कोंडून ठेवतात. हीच ती गुठळी. शेवटी झाकण ठेवून दणदणीत वाफ काढायची.

एवढे करूनही काम संपत नाही. उपमा निवला, की घट्ट होतो. दहा मिनिटांपूर्वी मऊसूत असलेला उपमा बशीत ढेकळासारखा बसतो. घरी आपण तो चहाबरोबर गिळतो. स्पर्धेत मात्र तो कढईतून ताटात आणि ताटातून परीक्षकांच्या जिभेपर्यंत वेळेत पोहोचायला हवा. साधा पदार्थ चुका लपवत नाही. बिर्याणीत एखादा तांदूळ फुटला, तर मसाला सांभाळून घेतो. उपम्याला असा कोणी पाठीराखा नसतो.

त्यानंतरचे पदार्थही त्यांना साधले आणि कार्डोझ विजयी झाले. बक्षिसाचे एक लाख डॉलर कर्करोगावर संशोधन करणाऱ्या तरुण शास्त्रज्ञांसाठीच्या न्यूयॉर्कमधील एका निधीला मिळाले.

मी हे सगळे सांगत असताना शेवटच्या बाकावरचा एक मुलगा अगदी गप्प होता. त्याचे वडील लग्नांत जेवण रांधतात. वर्षाच्या सुरुवातीला माहितीचा तक्ता भरून घेतला, तेव्हा 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात त्याने काहीच लिहिले नव्हते. मी दोनदा विचारले, तेव्हा 'नंतर लिहितो' म्हणाला होता. त्या दिवशी त्याने हात वर केला.

"सर, त्यांना लहानपणापासून बावर्चीच व्हायचे होते का?"

नाही. कार्डोझ जीवरसायनशास्त्र शिकत होते. आर्थर हेली यांची 'हॉटेल' ही कादंबरी त्यांच्या वाचनात आली आणि मन तिकडे ओढले गेले. पुढे त्यांनी दादरच्या इन्स्टिट्यूट ऑफ हॉटेल मॅनेजमेंटमध्ये शिक्षण घेतले, मग ते स्वित्झर्लंडला गेले. दादरची ही संस्था १९५४ साली सुरू झालेली, आणि बेलपाड्याहून गाडीने दीड तासाच्या आत पोहोचता येईल अशी आहे. बारावीनंतर एनसीएचएम जेईई ही प्रवेशपरीक्षा देऊन तेथे जाता येते. हे मी फळ्यावर लिहिले. त्या मुलाने ते उतरवून घेतले. मग तो उभा राहिला आणि न विचारता बोलू लागला.

"सर, देगेचे पण असेच असते. चार देगा एकाच वेळी उतरवायच्या असतात. माझे अब्बा झाकण उघडत नाहीत. वरचे पीठ कसे सुकले ते बघतात आणि कान लावतात. आतला आवाज बदलला, की निखारे काढतात. एक देग आधी उतरली, तर एका पंगतीला गरम आणि दुसऱ्या पंगतीला थंड."

कान लावून शिजणे ओळखतात, हे मला ठाऊक नव्हते. वर्गात या वेळी कोणीही हसले नाही.

कार्डोझ पुढे मुंबईलाही परतले, ते भागीदार म्हणून. २०१५ साली लोअर परळला 'द बॉम्बे कँटीन' आणि २०१७ साली वांद्रे-कुर्ला संकुलात 'ओ पेद्रो' सुरू झाले. २०२० च्या मार्चमध्ये ते मुंबईत येऊन गेले. अमेरिकेत परतल्यावर त्यांना कोरोनाची बाधा झाली आणि २४ मार्च २०२० रोजी, वयाच्या ५९ व्या वर्षी, न्यू जर्सीत त्यांचे निधन झाले. आपल्या देशात टाळेबंदी जाहीर झाली, तो हाच दिवस.

तास संपल्यावर तो मुलगा माझ्या टेबलाजवळ आला. त्याने माहितीचा तक्ता मागितला.

"सर, मराठीत काय लिहू? बावर्ची की आचारी?"

"मराठीत आचारी म्हणतात, पण बावर्चीही सर्वांना कळते. तुझ्या वडिलांना लोक ज्या नावाने बोलावतात, ते लिही."

त्याने जपून, टपोऱ्या अक्षरात 'बावर्ची' लिहिले. मग थोडा विचार करून पुढे वडिलांचा मोबाईल क्रमांकही लिहिला.

"असू द्या, सर," तो म्हणाला. "तुमच्या ओळखीत कोणाकडे लग्न निघाले तर!"

स्वाध्याय

१. उपाहारगृहातील शेफला अशा स्पर्धेत हरण्याची भीती अधिक का वाटत असावी, ते तुमच्या शब्दांत लिहा.

२. 'उपमा' हा शब्द दोन्ही अर्थांनी वापरून दोन वाक्ये तयार करा. लिंग सांभाळा.

३. शब्दशः तर्जुमा केल्यास मराठीत विनोद होईल, असे तीन उर्दू वाक्प्रचार शोधा आणि त्यांच्या जागी मराठीत काय म्हणतात ते घरी, शेजारी किंवा बाजारात विचारून लिहा.

४. तुमच्या घरातील किंवा मोहल्ल्यातील एखाद्या कारागिराला भेटा. त्याला डोळ्यांनी, कानांनी किंवा हातांनी कळणारी, पण पुस्तकात नसलेली एक गोष्ट विचारा आणि दहा ओळींत लिहून आणा.