चहातली अंडी किती दिवस टिकतात?

वाडीच्या एका भगिनीने पत्रातून विचारले आहे : "टीव्हीवर चिनी पद्धतीची, चहात उकळून धूर दिलेली अंडी पाहिली. मुलांना आवडतील. यजमान गोदामात कामाला आहेत, त्यांच्या डब्यातही देता येतील. एकदाच डझनभर करून ठेवली तर आठवडाभर चालतील का?"

अंडी जरूर करावीत. पण आठवडाभर ठेवू नयेत, आणि नागपूरच्या उन्हाळ्यात डब्यात तर मुळीच देऊ नयेत. असे का, ते आधी सांगतो, कृती नंतर.

चीनमध्ये आणि तैवानमध्ये ही अंडी आपल्याकडच्या उकडलेल्या अंड्यांसारखीच रस्तोरस्ती विकली जातात. उकडलेल्या अंड्याचे कवच चमच्याने ठिकठिकाणी तडकवतात, पण सोलत नाहीत. मग ते चहा, सोया सॉस आणि खड्या मसाल्याच्या पाण्यात मुरवतात. तडांमधून रंग आत जातो आणि सोललेले अंडे संगमरवरासारखे रेघारेघांचे दिसते. मसाला आपल्या ओळखीचाच : चक्रीफूल, दालचिनी, लवंग, बडीशेप. सावजी रस्सा खाणाऱ्याला त्यात परके काही वाटणार नाही.

खरी गफलत त्या रंगामुळे होते. काळपट, खारट आणि धुराचा वास असलेला पदार्थ पाहिला की आपण त्याला लोणच्याच्या नाहीतर सुकटीच्या पंगतीत बसवतो. लोणचे टिकते ते फोडीच्या गाभ्यापर्यंत मीठ आणि आंबटपणा पोचल्यामुळे. सुकट टिकते ती पाणी निघून गेल्यामुळे. या अंड्यात यातले काहीच होत नाही. रंग वरच्या थरातच राहतो, आत जाणारे मीठ थोडेसे, आणि अंड्याचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग पाणीच असते. जंतूंना याहून चांगली सोय कोणती?

कच्चे अंडे बरेच दिवस टिकते, उकडलेले तितके टिकत नाही, हे अनेकांना उलटे वाटते. कच्च्या अंड्याच्या कवचात हजारो सूक्ष्म छिद्रे असतात आणि त्यांवर निसर्गानेच एक पातळ लेप दिलेला असतो. पांढऱ्या भागात जंतूंना रोखणारी द्रव्येही असतात. उकडल्यावर लेप जातो आणि त्या द्रव्यांचा जोर संपतो. इथे तर आपण कवचही हाताने तडकवतो!

पूर्ण उकडल्यावर साल्मोनेला नावाचे जंतू मरतात, हे खरे. पण सोलताना आपल्या बोटांवरचे, नाकाला लागलेल्या हातावरचे किंवा पिकलेल्या जखमेतले स्टॅफिलोकोकस जंतू अंड्याला लागतात. हे जंतू खारट पदार्थातही वाढतात. त्यांनी तयार केलेले विष पुन्हा उकळूनही नष्ट होत नाही. म्हणून "गरम करून खाल्ले की झाले" हा उपाय येथे चालत नाही. असे अंडे खाल्ल्यावर साधारण एक ते सहा तासांत जोराच्या उलट्या सुरू होतात.

आता कृती. सहा अंडी पाण्यात ठेवून, उकळी आल्यावर दहा मिनिटे उकडावीत आणि लगेच गार पाण्यात टाकावीत. पिवळ्या बलकाभोवती हिरवट कडा आली तर घाबरू नये. ती लोह आणि गंधकाच्या संयोगाने येते, अपायकारक नसते. तीन कप पाण्यात दोन चहाचे चमचे चहापत्ती, तीन मोठे चमचे सोया सॉस, एक चक्रीफूल, दालचिनीचा तुकडा, चार लवंगा, अर्धा चमचा बडीशेप आणि गुळाचा लहान खडा घालून पंधरा मिनिटे उकळावे. दूध अर्थातच नाही. साबणाने हात धुऊन कवचे तडकवावीत आणि अंडी त्या पाण्यात दहा मिनिटे मंद आचेवर ठेवावीत. नंतर गंज थंड पाण्याच्या परातीत ठेवून लवकर निववावा आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावा. ओट्यावर रात्रभर मुरवत ठेवू नये. फ्रिज नसेल तर मुरवण्याचा नाद सोडून त्याच वेळी गरमगरम खावीत. चव थोडी कमी लागेल, इतकेच.

धूर द्यायचा असेल तर लोखंडी कढईत जाड फॉइल पसरून त्यावर दोन चमचे तांदूळ, दोन चमचे चहापत्ती आणि एक चमचा साखर टाकावी. वर जाळी ठेवून सोललेली, कोरडी केलेली अंडी मांडावीत. धूर निघू लागला की झाकण घट्ट लावून पाच मिनिटांनी गॅस बंद करावा. आपल्या धुंगाराचाच हा भाऊ. नॉनस्टिक भांडे वापरू नये, कारण फार तापल्यावर त्याच्या लेपातून विषारी वाफा निघतात. खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि दम्याच्या रोग्याला त्या खोलीत बसवू नये. धुरात कर्करोगाशी संबंध असलेली द्रव्ये असतात, तेव्हा हा प्रकार कधीमधीच बरा. पाच मिनिटांच्या धुराने वास लागतो, अंडे टिकाऊ होत नाही.

फ्रिजमधली अंडी तीन दिवसांत संपवावीत. बाहेर काढल्यावर दोन तास, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास, ही मर्यादा. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास जातो. अमरावती रोडवरच्या पत्र्याच्या गोदामात दुपारपर्यंत डब्याचे काय होत असेल, याचा विचार करावा. यजमानांना ही अंडी सकाळी घरीच, पोळीबरोबर द्यावीत. एका अंड्यातून सुमारे सहा ग्रॅम उत्तम प्रथिने मिळतात. ती कामावर निघण्यापूर्वी पोटात गेली तर वाया जात नाहीत.

रक्तदाब असणाऱ्यांनी सोया सॉस निम्मा करावा. त्याच्या एका मोठ्या चमच्यात जवळजवळ ९०० मिलिग्रॅम सोडियम, म्हणजे सव्वादोन ग्रॅम मीठ असते, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसभराचे मीठ ५ ग्रॅमपेक्षा कमी हवे. उरलेले मसाल्याचे पाणी भाजीत घालू नये आणि पुढच्या खेपेसाठी साठवूही नये. टाकून द्यावे.