डिजिटल दफ्तरांतून धर्मसंघाचा इतिहास कसा शोधावा?

आजच्या पाठात एका कॅथलिक धर्मसंघाचा इतिहास घरबसल्या कसा शोधायचा ते पाहू. उदाहरण घेऊ जेझुइट म्हणजेच येशूसंघाचं, कारण आपल्या 'क्रिस्तपुराणा'चे कर्ते फादर थॉमस स्टीफन्स याच संघाचे.

पार्श्वभूमी

१५४० मध्ये पोप तिसरे पॉल यांनी इग्नेशियस लोयोला यांच्या या संघाला मान्यता दिली. १५४२ मध्ये फ्रान्सिस झेवियर गोव्यात आले. दूरदेशी गेलेल्या फादरांनी वरिष्ठांना नियमित पत्रं लिहायची, अशी संघाची शिस्त होती. त्यामुळे कागद भरपूर. पण १७५९ मध्ये पोर्तुगालने संघाला हाकललं, १७७३ मध्ये पोपनी तो बरखास्त केला आणि १८१४ मध्ये तो पुन्हा उभा राहिला. या उलथापालथीत कागद विखुरले. काही रोमला संघाच्या दफ्तरात, तर काही लिस्बनच्या 'तोर्रे दो तोंबो' या सरकारी दफ्तरात आहेत. म्हणून एकाच संकेतस्थळावर थांबू नका.

पायरी १ : नावाची सगळी रूपं शोधा

स्टीफन्स यांनी १५७९ मध्ये गोव्याहून वडिलांना लिहिलेलं पत्र हॅक्लुटच्या इंग्रजी प्रवाससंग्रहात 'स्टीव्हन्स' या नावाखाली आहे. १६४० मध्ये छापलेल्या त्यांच्या कोकणी व्याकरणावर 'एस्तेव्हांव' असं पोर्तुगीज रूप आहे. माणूस एकच, नावं तीन! शिवाय जुन्या छपाईतला लांब 'एस' संगणक 'एफ' म्हणून वाचतो. तेव्हा शोध रिकामा आला म्हणजे कागदच नाही, असं समजू नका.

पायरी २ : साल कशाचं ते तपासा

'क्रिस्तपुराण' प्रथम १६१६ मध्ये राशोलला रोमन लिपीत छापलं गेलं. पुढे १६४९ आणि १६५४ मध्येही छापलं, पण त्या जुन्या छापील प्रती आज मिळत नाहीत. आपल्याला सहज सापडते ती १९०७ ची मंगळूरची आवृत्ती. देवनागरीतलं एक हस्तलिखित लंडनच्या मार्सडेन संग्रहात आहे. स्कॅन समोर आलं की मुखपृष्ठ पाहा. रचनेचं साल, छपाईचं साल आणि स्कॅनचं साल वहीत वेगवेगळं लिहा.

पायरी ३ : कोण लिहितोय, कुणासाठी?

ही सर्वांत महत्त्वाची पायरी. जुलै १५८३ मध्ये साष्टीतल्या कुंकळ्ळीला रुदोल्फो आक्वाव्हिवा आणि त्यांचे चार सहकारी मारले गेले. संघाच्या पत्रांत ते धर्मासाठी मेलेले हुतात्मे. पण त्याआधी पोर्तुगीजांनी तिथली देवळं पाडली होती, आणि पुढे गावच्या पुढाऱ्यांना आसोळण्याच्या किल्ल्यात ठार केलं गेलं. त्या पुढाऱ्यांचंही स्मारक आज कुंकळ्ळीत उभं आहे. फरक इतकाच, की फादरांची पत्रं रोमला जपली गेली. गावकऱ्यांनी तिथे पत्रं धाडली नव्हती. 'सर्च'मध्ये शंभर कागद एका बाजूचे आले म्हणून ती बाजू शंभरपट खरी ठरत नाही. म्हणून दुसरी बाजू सरकारी दफ्तरात, गावच्या नोंदींत आणि लोकांच्या आठवणींत शोधावी लागते. तसं केलं नाही, तर आपण इतिहास लिहीत नाही, नुसती नक्कल उतरवतो.

स्वाध्याय

'दोकुमेंता इंडिका' या अठरा खंडांच्या संग्रहात १५४० ते १५९७ या काळातली संघाची भारतविषयक पत्रं आहेत. त्यातलं कोणतंही एक निवडा. लेखक, वाचक, तारीख आणि ठिकाण लिहा. मग एकच प्रश्न सोडवा : या पत्रात ज्यांच्याविषयी लिहिलंय, त्यांना स्वतःला काय सांगायचं असेल, आणि ते कुठे सापडेल?