बोट लागू नये म्हणून

अलिबाग,
कोजागरीचा दुसरा दिवस

चि. मुक्तास,


निरोप पोचला. भाऊबीज उरकून संध्याकाळच्या विदर्भ एक्स्प्रेसने निघायचं, सकाळी मुंबईला उतरायचं आणि लगोलग बोटीने अलिबाग गाठायचं, बेत छान आहे. नागपूरच्या माणसांना समुद्र दाखवायचा तर तो बोटीतूनच. पण तू विचारतेस, “आत्या, बरोबर काय काय घेऊ?” अगं, सामानाचं नंतर बघू. आधी तिथी बघ.

आमच्याकडे एक जुना हिशेब आहे. तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ निघते. तू पोचणार तृतीयेला. तीन पाऊण सव्वादोन. म्हणजे दुपारी सव्वादोनच्या सुमाराला भरती, आणि त्याच्या सहा तास आधी, सकाळी आठ-सव्वाआठला पुरती सुकती. मिनिटाला मिनिट जुळत नाही, पण बेत आखायला पुरतं. आता हे घेऊन नकाशा बघ. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणारी लाँच सर्वांत स्वस्त, पण रेवसच्या खाडीत गाळ फार. सुकतीला तिथे पाण्याऐवजी चिखलच दिसतो. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी जाऊन परत येताना मी अशीच भर सुकतीला अडकले होते. धक्का समोर दिसतोय, माणसं हात हलवताहेत, आणि आमची लाँच चिखलात बसलेली. दोन तास. बरोबर चिवड्याचा डबा होता म्हणून निभावलं. तेव्हा तृतीयेच्या सकाळी रेवस नको.

गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँचा माझ्या आवडीच्या. तासाभराचा प्रवास, आणि तिकिटातच मांडव्याहून अलिबागपर्यंतच्या बसचे पैसे धरलेले. पण तुझ्या सासूबाईंचे गुडघे आठवले आणि मी विचार बदलला. सुकतीला गेटवेच्या पायऱ्या खालपर्यंत उघड्या पडतात, त्यावर शेवाळ असतं. शिवाय लाँचा एकीला एक लागून उभ्या असतात. आपली शेवटची असली तर मधल्या दोन लाँचा ओलांडून जावं लागतं, आणि दोघींच्या मधली फट लाटेबरोबर उघडते-मिटते. खलाशी हात देतात, पण त्या हाताला विश्वासाने हात द्यायला सवय लागते. सासूबाईंना पहिल्याच दिवशी हा धडा नको.

म्हणून तुम्ही रो-रो धरा. 2020च्या मार्चपासून ती भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला येते. मोठं जहाज आहे, पोटात मोटारी घेतं, पण पायी जाणाऱ्यांनाही तिकीट मिळतं. चढायला रुंद उतार आहे, उडी मारायची नाही. आणि जहाज मोठं असलं की लहानसहान लाटांना दाद देत नाही. तिकीट आधीच काढून ठेव, दिवाळीच्या सुट्टीत गर्दी उसळते. फक्त भाऊचा धक्का म्हणजे मासळीचा धक्का, हे सासूबाईंना आधी सांगून ठेव. समुद्राच्या आधी त्या वासानेच पोटात ढवळायला नको. रुमालावर निलगिरीचे दोन थेंब पुरतात.

बोट सकाळचीच घे. रात्रीपासून जमिनीवरून मतलई वारा वाहतो, पाणी तेलासारखं असतं. दुपार झाली की खारे वारे सुटतात आणि तेच पाणी खवळतं. आलीस त्याच वाटेने परतायचं आहे, तेव्हा परतीलाही सकाळचीच धर. “जेवून सावकाश निघू” म्हणणारे लोक संध्याकाळच्या बोटीत हमखास आडवे झालेले दिसतात.

आता बोट लागण्याबद्दल. डोळ्यांना बाक स्थिर दिसतो, आणि कानाच्या आतलं तोल सांभाळणारं यंत्र म्हणतं आपण डुलतोय. या दोघांच्या भांडणात पोट भरडलं जातं. म्हणून डोळ्यांनाही हलणं दिसू द्यायचं, लांब, जिथे पाणी आणि आभाळ मिळतं तिथे बघायचं. छोट्या शौनकच्या हातात मोबाइल देऊ नकोस, तास बरा जाईल असं वाटेल, पण पंधराव्या मिनिटाला तुझी साडी खराब होईल. सगळे वातानुकूलित खोलीकडे धावतील. तुम्ही जहाजाच्या मधोमध, वारा लागेल अशी जागा बघा. पुढचं टोक फोटोला चांगलं, पण सर्वांत जास्त वरखाली तेच होतं. आणि कुलाब्याचं टोक मागे पडलं की उघड्या समुद्राची लाट आडवी येते, तेव्हा जरा डोलेल. घाबरायचं कारण नाही, उठायचंही नाही.

हे उठायचं नाही मी मुद्दाम लिहिते. 17 जुलै 1947, अमावास्येचा दिवस, भर पावसाळा. भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली रामदास बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेच्या वर माणसं गेली. लाटेने बोट कलली, माणसं घाबरून एका अंगाला धावली आणि ती उलटली, असं इथले जुने लोक सांगत. आमच्या सासरी ते नाव अजून हळू आवाजात घेतात. म्हणून लाइफ जॅकेटं कुठे ठेवलीत तेवढं चढल्याचढल्या बघून ठेव, आणि मग विसरून जा.

पोट रिकामं ठेवू नका, गच्चही भरू नका. स्टेशनावर वडापाव नको, घरची दशमी आणि केळं बरं. गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून, निघायच्या आधी. मळमळ सुरू झाल्यावर ती उलटून पडते. आल्याच्या वड्या आणि आवळासुपारी जवळ असू दे. दोन कागदी पिशव्याही. लाजू नकोस, बोट राजालाही लागते.

सामान एका खांद्यावर मावेल इतकंच. तुझ्या आजोबांच्या वेळी गोव्याच्या बोटीत वळकटी पसरून डेकवर जागा धरावी लागे. ‘कोकण सेवक’, ‘कोकण शक्ती’ ही नावं त्यांच्या तोंडी सख्ख्या भावंडांसारखी होती, आणि कोकणातल्या बंदरांत धक्का नसेल तिथे पडावात उतरताना ट्रंक आधी की माणूस आधी यावरून वाद व्हायचे. तुम्हाला तसलं काही नाही. तरी चाकांच्या दोन मोठ्या बॅगा घेऊन येऊ नका, उतारावर त्या आपल्याआधी धावतात.

मांडव्याला धक्क्याच्या तोंडाशी बाळू रिक्षा घेऊन उभा असेल. कुरव बोटीमागे येतील, शौनकला हवं तेवढं बघू दे, पण त्यांना वेफर चारायचे नाहीत.

आणि संत्री आणशील ना? पिशवीत तळाला नको, वरच ठेव. सासूबाईंना वाटेत साल हुंगायला बरी. उरली तर आम्हाला.

तुझी,
आत्या