पाणी कुठे, वाळू कुठे

कोकणातल्या एका रसायन कारखान्यात मी शिफ्ट सांभाळत होतो. पावसाळ्यातली दुपार. ९८ टक्के सल्फ्युरिक ॲसिडचा टँकर खाली झाला, पंप बंद केला आणि हेल्परने होजचा फ्लँज सोडायला घेतला. टँकर खाली झाला म्हणजे होजही खाली झाला, असं मुळीच नसतं. वॉल्व्ह बंद करून होजमधलं ॲसिड बादलीत काढायचं राहिलं होतं. बोल्ट सैल होताच ते उसळून त्याच्या मांडीवर आलं. पँट गमबुटात खोचलेली होती. ॲसिड ओघळत थेट बुटात उतरलं आणि पायाला लागून तिथेच साचून राहिलं.

त्याला शॉवरकडे नेलं, तर शॉवरखाली रिकाम्या ड्रमांची रांग. ते बाजूला सारेपर्यंतचा वेळ त्याच्या पावलाने भोगला. मांडीवरची जखम महिन्याभरात भरली; घोट्यापासून खाली मात्र त्वचारोपण करावं लागलं.

तिकडे जमिनीवरच्या ॲसिडचा वेगळाच गोंधळ चालला होता. एकाने त्यावर पाण्याचा पाइप सोडला. तापल्या तेलात पाणी पडावं तसं ते तडतडून उडालं, वाफ उठली, दोघांचे डोळे चुरचुरले. दुसऱ्याने लाकडाचा भुसा टाकला. तो काळा पडून धुमसू लागला. माणसं धावली ती मदतीलाच, पण कशावर काय टाकायचं हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

म्हणून सांगतो. अंगावर ॲसिड पडलं तर पाणीच, तेही भरपूर आणि ताबडतोब. पाणी चालू असतानाच कपडे आणि बूट काढा, निदान पंधरा मिनिटं धार थांबवू नका. डोळ्यांत गेलं असेल तर पापण्या उघड्या धरून धुवा. सोडा चोळणं, मलम लावणं असले उपाय करू नका. पाण्यानंतर थेट दवाखाना.

जमिनीवर मात्र आधी माणसं मागे घ्या, वारा पाठीशी ठेवा आणि कोरड्या वाळूचा बांध घालून गटाराचं तोंड अडवा. मग ॲसिडवर सोडा ॲश कडेकडेने, थोडाथोडा टाका; फसफसतं, म्हणून घाई नको. फसफस थांबली की गोळा करा आणि मगच जमीन धुवा. भुसा, चिंध्या, गोणपाट तिथे नकोच. हे काम फेस शील्ड, ॲसिडचे हातमोजे आणि पीव्हीसी सूट घातलेल्यानेच करावं, आणि पँट नेहमी बुटाच्या बाहेर.

टाकीबद्दल लोक फार बेफिकीर असतात. या तीव्र ॲसिडसाठी साध्या पोलादाची टाकी चालते, कारण आतून सल्फेटचा थर बसून पत्रा वाचतो. पण हे ॲसिड हवेतला ओलावा ओढून घेतं. पाणी शिरलं की पातळ झालेलं ॲसिड तोच पत्रा खातं आणि हायड्रोजन सुटतो. म्हणून व्हेंटवर सिलिका जेलचा ब्रीदर हवा आणि रिकाम्या टाकीवरही तपासल्याशिवाय वेल्डिंगची ठिणगी पडता कामा नये. टाकीभोवतीच्या बांधात, म्हणजे डाईकमध्ये, साचलेलं पावसाचं पाणी पंपाने काढा, आधी लिटमस लावून. डाईकला जागा इतकी हवी, की सगळी टाकी फुटली तरी मावेल. शेजारी कॉस्टिक, नायट्रेट किंवा धातूची पावडर ठेवू नये.

पातळ करताना पाण्यात ॲसिड, हळूहळू आणि ढवळत. उलट कधीच नाही. आणि ॲसिडचा मोठा कॅन, म्हणजे कार्बॉय, एकट्याने उचलू नका. या ॲसिडचा एक लिटर १.८४ किलो भरतो, म्हणजे ३५ लिटरचा कार्बॉय चौसष्ट किलोंच्या पुढे जातो.

पुढचा टँकर गेटवर येईल तेव्हा कागदांवर सही करण्याआधी शॉवरपाशी जा, साखळी ओढून पाणी येतं का पाहा आणि वाटेतले ड्रम तिथल्या तिथे हलवून घ्या.