ठिणगी कुठे अडली?

नरडाण्याला मुंबई-आग्रा रस्ता आहे. रेल्वेचे स्टेशनही आहे. पण शेतात जायचे म्हणजे काळ्या मातीचा शिवाररस्ता. उन्हाळ्यात फुफाटा, पावसाळ्यात चिखल. अशा वाटेने जुनी तीनचाकी रिक्षा मिरचीची पोती नेते, खताच्या गोण्या नेते, दुधाचे कॅन नेते. गाडी घडवली सडकेसाठी, आणि आपण तिला बैलगाडीचे काम सांगतो. मग ती मधेच बंद पडली, तर नवल ते काय?

आम्ही शाळामास्तर. आमच्या हाती खडू असायचा, पाना नव्हे. पण स्टँडवरच्या मिस्त्रीजवळ बसून जे पाहिले, समजून घेतले, ते सांगतो.

आम्ही बोलतो आहोत ती जुन्या पेट्रोलच्या टू-स्ट्रोक रिक्षाबद्दल. बजाज कंपनीला दुचाकी आणि तीनचाकी बनवण्याचा परवाना १९५९ साली मिळाला. इटलीच्या पियाजो कंपनीच्या नमुन्यावर या गाड्या निघाल्या. आता नव्या रिक्षा गॅसवर चालतात, विजेवरही चालतात. डिझेलची ॲपे तर सगळ्यांना ठाऊक आहे. 'आपे' म्हणजे इटलीच्या भाषेत मधमाशी! डिझेलच्या इंजिनात ठिणगीचा प्लग नसतो. तिथे हवा जोराने दाबली जाते, ती तापते आणि त्या उष्णतेनेच डिझेल पेटते. म्हणून पुढचे सारे फक्त पेट्रोलच्या गाडीला लागू आहे.

पेट्रोलच्या गाडीत ठिणगी लागते. रिक्षावाले तिला 'करंट' म्हणतात. ती येते कशी? इंजिनाबरोबर एक चाक फिरते. त्यात लोहचुंबक असतात. मिस्त्री त्याला मॅग्नेट म्हणतात. चाक फिरले की आतल्या तारेच्या वेटोळ्यात वीज तयार होते. तिथेच 'पॉइंट' नावाची दोन छोटी टोके असतात. ती जुळतात आणि सुटतात. ज्या क्षणी सुटतात, त्या क्षणी कॉइलमधून हजारो व्होल्टची वीज उसळते आणि प्लगच्या फटीतून उडी मारते. तीच ठिणगी. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे फिरत असेल, तर सेकंदाला पन्नास ठिणग्या. एवढ्या कामात कुठेतरी खोट येणारच.

गाडी बंद पडली की पहिले काम प्लग काढून पाहणे. आधी इंजिन थोडे निवू द्या. प्लग कोरडा असेल, तर पेट्रोलच येत नाही. मग कॉक, नळी आणि कारबुरेटरमधला कचरा पाहा. प्लग पेट्रोलने ओला असेल, तर पेट्रोल येते आहे, पण पेटत नाही. काजळीने भरला असेल, तर बहुधा ऑइल जास्त पडले. पुष्कळ गाड्यांना लिटरला २० मिली ऑइल पुरते. म्हणजे पाच लिटरला १०० मिली. काही जण 'इंजिनाला बरे' म्हणून मूठ सैल सोडतात. त्याने प्लगची फट बुजते.

आता ठिणगी पाहू. इथे जिवाला जपा. पेट्रोलचा कॉक बंद करा. पेट्रोलचा डबा लांब ठेवा. जवळ कोणी बिडी ओढत असेल, तर त्याला दूर घालवा. प्लगला टोपी लावा आणि प्लगचे लोखंड इंजिनाच्या उघड्या धातूला टेकवा. प्लगच्या भोकाजवळ मात्र नको, कारण तिथून पेट्रोलची वाफ बाहेर येते. उघड्या हाताने प्लग धरू नका, झटका बसतो. जाड रबर किंवा कोरड्या लाकडाचा चिमटा वापरा. दुसऱ्याला गाडी सुरू करायची लिव्हर ओढायला सांगा. निळी, तडतड करणारी ठिणगी दिसली तर ठीक. पिवळी आणि मलूल असेल तर कमजोर.

ठिणगी नाहीच, तर लगेच कॉइल आणायला धावू नका. आमच्या ओळखीच्या एका रिक्षावाल्याने उसने पैसे काढून नवी कॉइल घातली. गाडी सुरू झाली नाही. मग दुसरी घातली. दोन दिवसांचा धंदा बुडाला, दुधाचे गिऱ्हाईकही तुटले. शेवटी काय निघाले? गाडी बंद करायच्या स्विचची तार खड्ड्यांनी घासून सोलली होती आणि सांगाड्याला लागत होती. या गाड्यांत मॅग्नेटची वीज सांगाड्यात सोडूनच इंजिन बंद करतात. तार तिथे टेकली, म्हणजे किल्ली चालू असूनही गाडी 'बंद'च! म्हणून आधी ती तार जोडणीतून सोडवा आणि पुन्हा ठिणगी पाहा. आली, तर दोष तारेत किंवा स्विचमध्ये. चिकटपट्टीचे काम. एक लक्षात ठेवा: तार सुटी असताना इंजिन किल्लीने बंद होणार नाही. ब्रेक दाबून, गियर टाकून क्लच सोडावा लागेल.

तरीही ठिणगी नसेल, तर पॉइंट पाहा. पंख्याचे झाकण काढले की मॅग्नेटच्या खिडकीतून ते दिसतात. फुफाटा आणि तेल त्यांवर बसते. बारीक पॉलिश कागदाने हलके घासा, कोऱ्या फडक्याने पुसा. पूर्ण उघडल्यावर फट साधारण ०.४ मिलिमीटर हवी. पॉइंट पुन्हा पुन्हा जळत असतील, तर काँडेन्सर गेला समजा. गाडी थंडपणी चालते, तापली की बंद पडते, निवली की पुन्हा चालते, असे होत असेल, तर काँडेन्सर किंवा कॉइल यांपैकी एक कमजोर आहे. तिथे मिस्त्रीच गाठा. मॅग्नेटचे चाक घरी ठोकून काढू नये. त्याला पुलर लागतो.

पावसात नाला ओलांडून आलात आणि गाडी थांबली, तर प्लगची टोपी आणि तिची जाड तार कोरड्या फडक्याने पुसा. कित्येकदा तेवढेच पुरते.

नवा प्लग घेताना जुन्यावरचे अक्षर आणि आकडा वाचा. प्लग दिसायला सारखे असतात, पण कोणी जास्त तापतो, कोणी कमी. दुकानदार 'हाही चालतो' म्हणेल. त्याला आकडा दाखवा. फट साधारण ०.६ मिलिमीटर ठेवा. तो आकडा आणि प्लग बदलल्याची तारीख वहीत लिहून ठेवा. वही सीटखाली, प्लगपान्याजवळ असू द्या.